मलाशयाच्या कर्करोगाचें निदान

वैद्यकाच्या इतिहासांत कित्येक रोग शतकानुशतकें नांवाशिवाय वावरले. मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे मलाशयाचा, कर्करोग मात्र साडेसहाशें वर्षांपूर्वींच ओळखला गेला होता; तो वेळेवर ओळखण्यास मग इतका काळ कां लागला, हाच खरा प्रश्न.

१३०७ सालीं जन्मलेला जॉन आर्डर्न हा इंग्रज शस्त्रवैद्य बरीच वर्षें नेवार्क येथें काढून १३७० मध्यें लंडनला आला. भगंदरावरील त्याचा ग्रंथ १३७६ च्या सुमाराचा. त्यांतच मलाशयांतील एका कठीण गांठीचें वर्णन आहे. ही गांठ आरंभीं फारशी दुखत नाहीं. पुढें रोग्यास तासांत दोन-तीनदां शौचास जावें लागतें आणि पडतें तें दुर्गंधियुक्त, पाणचट रक्त. अडाणी वैद्य यास खुशाल रक्ती आंव ठरवितात, असा आर्डर्नचा रोष आहे. आंवेंत मळ पातळ असतो, येथें तो घट्टही पडतो, हा भेद त्यानें नेमका टिपला. शंका फेडण्याचा उपाय तर त्याहून सरळ: आंत बोट घालून पाहावें, दगडासारखें कठीण कांहीं लागलें, तर ती आंव नव्हे. ना यंत्र, ना पोथी! आजही मलाशयाच्या परीक्षेचा आरंभ बोटानेंच होतो. या दुखण्यांतून बरा झालेला एकही रोगी आपण पाहिला वा ऐकला नाहीं, हेंही त्यानें प्रांजळपणें लिहून ठेविलें.

आर्डर्नच्या रोग्यांना आंवेनें फसविलें. पुढें तेंच काम मूळव्याधीनें केलें. लाल रक्त दिसलें कीं मूळव्याध म्हणावयाचें, पथ्य करावयाचें आणि लाजेनें गप्प बसावयाचें, ही रीत मराठी घरांनाही परकी नाहीं. दोन्ही रोग एकाच देहांत नांदूं शकतात, याचा तेव्हां विसर पडतो. फ्रेंच संगीतकार क्लोद द्यब्यूसी यास १९०९ पासून रक्तस्राव होत होता. शस्त्रक्रिया झाली ती १९१५ च्या डिसेंबरांत. २५ मार्च १९१८ रोजीं, पॅरिसवर जर्मन तोफांचा मारा चालू असतां, तो वारला.

बोटाची पोहोंच थोडी. १८९५ मध्यें बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनीं सरळ नळीनें आंत पाहण्याची सोय केली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील कथबर्ट ड्यूक्स यांनीं १९३२ मध्यें रोगाच्या पायऱ्या लाविल्या: तो आंतड्याच्या भिंतींतच आहे, कीं भिंत भेदून बाहेर पडला, कीं लसिकाग्रंथींपर्यंत पोंचला. रोग्याचें आयुष्य बव्हंशीं या पायरीवर ठरतें.

आंतड्याच्या उजव्या भागांतील रोगांत तर रक्त बहुधा डोळ्यांस दिसतच नाहीं. माणूस नुसता फिका पडत जातो व थकतो. हें छपलेलें रक्त शोधण्याची कसोटी डच शास्त्रज्ञ व्हान डीन यांची, १८६४ ची. एका झाडाच्या राळेच्या योगें रक्ताचा लेशही निळा रंग देतो. १९६७ मध्यें अमेरिकेंत डॉ. ग्रेगोर यांनीं ती निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या मळास लाविली. दोनच वर्षांनीं न्यूयॉर्कमध्यें वुल्फ व शिन्या यांनीं लवचिक दुर्बीण आंतड्यांतून फिरवून पॉलिप नांवाच्या मांसल गांठी काढण्यास प्रारंभ केला. बहुतेक कर्करोग अशाच गांठींतून, वर्षानुवर्षांनीं, उद्भवतो.

१९९३ मध्यें मिनेसोटांतील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. ५० ते ८० वयाचीं सुमारें ४६,००० माणसें त्यांत होतीं. दरवर्षीं मळ तपासलेल्यांत या रोगाचे मृत्यू एक-तृतीयांशानें घटले. ज्यांच्या मळांत रक्त आढळलें, त्यांना दुर्बिणीच्या तपासणीस बोलाविण्यांत आलें. त्यांतील बहुतेकांस कर्करोग नव्हताच.