एक कोष्टक आणि बारा राशी

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभारावी, कडुनिंबाचा पाला खावा, नव्या पंचांगाची पूजा करावी आणि जोशीबुवांच्या तोंडून वर्षफल ऐकावे, ही आपल्याकडील जुनी चाल. वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊसपाणी कसे, धान्य महाग की स्वस्त, एवढे सांगून झाले म्हणजे जोशीबुवा मेषेपासून मीनेपर्यंत बारा राशींवर येत. आपल्या राशीची पाळी आली की प्रत्येकजण कान टवकारी. इतर अकरांच्या वेळी त्याचे लक्ष प्रसादाकडे असे. त्यामुळे एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. जोशीबुवांपाशी एकच कोष्टक असे, आणि बाराही राशींची फळे त्या एका कोष्टकातून निघत.

आज हेच काम संगणकावर होते. उभ्याआडव्या घरांचा एक तक्ता मांडावयाचा; राशीमागे एक याप्रमाणे बारा ओळी; प्रत्येक ओळीत राशीचे नाव, स्वामी, नामाक्षरे आणि ग्रहांची स्थाने. पानाचा साचा एकदा ठरला की बारा ओळींची बारा पाने एका दमात तयार होतात, आणि कोठेही मांडणीचा मेळ चुकत नाही. तरुण मंडळींना यात नवल वाटते. परंतु एका कोष्टकावरून बारा पाने काढण्याची ही विद्या महाराष्ट्रात शेकडो वर्षे नांदत आली आहे. तिने आपल्याला काय दिले आणि ती आपल्याला कोठे चकवते, याचा थोडा विचार आज करू. नगर जिल्ह्याचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. तो ओघाने येईलच.

प्रथम कोष्टकाची घडण पाहू. नक्षत्रे सत्तावीस, प्रत्येकाचे चरण चार, म्हणजे एकंदर १०८ चरण. त्यांना बारांनी भागले की प्रत्येक राशीच्या वाट्याला नऊ चरण येतात. प्रत्येक चरणास एक अक्षर नेमून दिलेले आहे. अश्विनीची चू, चे, चो, ला. भरणीची ली, लू, ले, लो. आणि कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे अ. झाली मेष राशीची नऊ अक्षरे. यासच अवकहडाचक्र म्हणतात. बारशाच्या दिवशी मुलाचे जन्मनाव ज्यावरून काढतात ते हेच. ते तोंडपाठ असलेला गावचा जोशी बलुतेदार म्हणून आपला वाटा घेई आणि अवघ्या गावाच्या राशी सांगे.

दुसरे उदाहरण लाभ-खर्चाचे. पंचांगाच्या आरंभीच्या पानांवर बारा राशींचे आय-व्ययाचे आकडे देतात. हे आकडे कोणी मनाने घालीत नाही. पाडवा ज्या वारी येतो त्या वाराचा स्वामी वर्षाचा राजा. त्याचा ठरलेला अंक आणि राशीच्या स्वामीचा ठरलेला अंक घेऊन नेमून दिलेले गणित करावयाचे. राजे सात आणि राशिस्वामीही सातच. म्हणून एकोणपन्नास घरांचे कोष्टक एकदा मांडले की पिढ्यान्‌पिढ्यांचे काम भागते. याची खूण कोणालाही घरच्या घरी पटवून घेता येईल. मेष आणि वृश्चिक या दोन्ही राशींचा स्वामी मंगळ, म्हणून त्यांचे आकडे नेहमी सारखेच असतात. शुक्राच्या वृषभ-तूळ, बुधाच्या मिथुन-कन्या, गुरूच्या धनु-मीन आणि शनीच्या मकर-कुंभ या जोड्यांचेही तसेच. कर्क आणि सिंह तेवढ्या एकेकट्या. बारा राशींना मिळून आकड्यांच्या सातच जोड्या!

तिसरे उदाहरण साडेसातीचे. शनीला राशिचक्राची फेरी पुरी करावयास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत तो सरासरी अडीच वर्षे राहतो. तो ज्या राशीत असेल ती, तिच्या मागची आणि तिच्या पुढची, अशा तीन राशींना साडेसाती. कोष्टकात शनीचे एक घर बदलले की तीन राशींची पाने आपोआप ठरतात.

आता हे ग्रह कोठे आहेत ते जोशाला कळे कसे? येथे एका थोर माणसाचे नाव घेतले पाहिजे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० साली, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. अहमदनगरच्या गादीवर त्या वेळी बुऱ्हाण निजामशहा होता. पूर्वीच्या ग्रंथांतील ज्याचापांचे अवघड गणित गणेश दैवज्ञांनी टाळले आणि अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, एक चक्र धरून ग्रहगणित सोपे केले. पाच वर्षांनी त्यांनी ‘तिथिचिंतामणी’ रचला. त्यातील सारण्यांवरून तिथी, नक्षत्र आणि योग थोड्या बेरजांनी काढता येऊ लागले. ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याला पंचांग करता येऊ लागले, आणि जो तो एकाच ग्रंथावरून करीत असल्याने गावोगावच्या पंचांगांचा मेळ बसू लागला. पुढे मुंबईस गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून १८३१ साली छापील पंचांग बाहेर पडले आणि हा मेळ आणखी पक्का झाला.

परंतु मेळ बसणे ही एक गोष्ट आणि आकाशाशी जुळणे ही दुसरी. ग्रहांच्या गतीत धरलेले अगदी लहान अंतर तीनशे वर्षांत साचत साचत मोठे होते. एकोणिसाव्या शतकात ग्रहलाघवावरून काढलेली स्थाने दुर्बिणीतून दिसणाऱ्या ग्रहांशी जुळेनात. सगळी पंचांगे एकमेकांशी जुळत होती आणि सगळीच मिळून चुकत होती! चूक मूळ कोष्टकात असली म्हणजे असेच होते. लेखनिकाच्या हातून एखादे पान चुकले तर शेजारच्या पानाशी ताडून ते पकडता येते. मूळच चुकले तर बाराही पाने एकमेकांची खोटी साक्ष देतात.

ही चूक उघड करण्याचे धैर्य केरो लक्ष्मण छत्रे यांनी दाखविले. आधुनिक गणितावरून केलेले त्यांचे पंचांग शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ सालापासून, निघू लागले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. आणि येथूनच महाराष्ट्रातील पंचांगवादाला तोंड फुटले. ग्रहांची स्थाने आता बिनचूक काढता येत होती. पण राशिचक्राचा आरंभ कोठून धरावयाचा? छत्रे यांनी रेवतीतील एक तारा आरंभस्थानी धरला. लोकमान्य टिळकांनी तोच पक्ष उचलून धरला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू धरला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ १८९६ साली देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित सायनपक्षाचे होते. मुंबईस १९०४, पुण्यास १९१७ आणि सांगलीस १९२० साली पंचांगपरिषदा भरल्या. पण एकमत काही झाले नाही. रेवती आणि चित्रा या पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक राहिला. चार अंश म्हणजे सूर्याची चार दिवसांची चाल. तेवढ्याने काही वर्षी अधिक मास निराळा पडतो, आणि मग टिळक पंचांग मानणाऱ्या घरी एका महिन्यात दिवाळी, तर दाते पंचांग मानणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी दुसऱ्या महिन्यात.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. देशात तीसेक निरनिराळी पंचांगे चालू असल्याचा उल्लेख पंडित नेहरूंनी समितीला दिलेल्या संदेशात आहे. समितीचा अहवाल १९५५ साली झाला. २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला धरावे असे ठरले आणि २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. एकाच मूळ गणितावरून अनेक भाषांत राष्ट्रीय पंचांग निघू लागले. जयंत साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले आणि पंचांग स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले.

हा सर्व वाद पंडितांचा, त्याच्याशी आपल्याला काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्याच जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात यावे. शिंगणापूरला उघड्या चौथऱ्यावर शनिदेवाची काळी शिळा आहे. घरांना दारे नसलेले गाव म्हणून ते सर्वत्र प्रसिद्ध आहे. शनिअमावास्येला तेथे तेल वाहण्यासाठी केवढी दाटी होते हे नगरकरांना सांगावयास नको. त्या दाटीतील पुष्कळ लोक एका पानावर वाचलेल्या एका शब्दामुळे आलेले असतात: साडेसाती. कोणी दुकान काढावयाचे लांबणीवर टाकतो, कोणी मुलीचे लग्न. ज्या कोष्टकावरून एवढे निर्णय होतात, ते कोणत्या पायावर उभे आहे हे विचारण्याचा अधिकार त्या माणसाला नको काय?

शनी वर्षाला सुमारे बारा अंश चालतो. म्हणजे रेवती आणि चित्रा या पक्षांतील चार अंशांचा फरक शनीच्या बाबतीत चार महिन्यांचा होतो. एका कोष्टकाप्रमाणे साडेसाती सुटलेला माणूस दुसऱ्या कोष्टकाप्रमाणे आणखी काही महिने तीत अडकलेला असतो. तमिळ मुलखातील उदाहरण तर याहून बोलके आहे. चित्रापक्षाच्या आधुनिक गणिताने शनी १७ जानेवारी २०२३ रोजी कुंभेत गेला. कारैक्कलजवळच्या तिरुनल्लार येथील प्रसिद्ध शनिस्थानी जुने वाक्य पंचांग मानतात. तेथे हाच उत्सव २० डिसेंबर २०२३ रोजी झाला. शनी एक, आकाश एक, आणि अंतर अकरा महिन्यांचे!

आणखी एक साधा हिशेब मांडू. साडेसाती केव्हाही बारांपैकी तीन राशींना असते. म्हणजे कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावात, ढोबळ मानाने चौघांतल्या एकाला ती असतेच. गुरुबल पाहा: जन्मराशीपासून दुसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा गुरू शुभ मानतात, म्हणजे बारांपैकी पाच राशींना ते नेहमी असते. हे प्रमाण कोष्टकाच्या घडणीतूनच येते. सुकाळ असो वा दुष्काळ, ते बदलत नाही. श्रद्धा ज्याची त्याची, तिच्यावर आमचे काही म्हणणे नाही. पण साडेसातीच्या धास्तीने रात्र रात्र जागणाऱ्याला आपल्याबरोबर गावातले पाऊण शेकडा नव्हे, शेकडा पंचवीस लोक याच ओळीत उभे आहेत हे कळले, तर त्याचे ओझे थोडे तरी हलके होईल.

राशीच्या अर्थाविषयीही एक सावधगिरी हवी. आपली रास जन्मवेळच्या चंद्रावरून ठरते. इंग्लंडात आर. एच. नेलर यांनी १९३० साली एका वृत्तपत्रात राजघराण्यातील नवजात कन्येचे भविष्य लिहिले, आणि त्यानंतर वृत्तपत्री राशिभविष्याची लाट आली. ती रास सूर्यावरून, नुसत्या जन्मतारखेने ठरणारी. दोन्हींची नावे आपण मेष, वृषभ अशीच ठेवली, आणि एकच माणूस एका पानावर कर्केचा, तर दुसऱ्या पानावर धनूचा होऊन बसला. स्थळाचेही तसेच. नगर मुंबईच्या पूर्वेस सुमारे दोन अंश असल्याने येथे सूर्य आठेक मिनिटे आधी उगवतो. एखादी तिथी नेमकी त्या आठ मिनिटांत संपली, तर मुंबईची आणि नगरची उदयतिथी वेगळी होते.

तेव्हा ज्यांच्या हाती आज संगणकावरील तक्ता आहे, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. बारा पाने एकसारखी निघाली याचा आनंद जरूर मानावा. गणेश दैवज्ञांनीही तोच मेळ घरोघर पोचविला. पण प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी असाव्यात: अयनांश कोणते, रास चंद्राची की सूर्याची, सूर्योदय कोणत्या गावचा. आणि मूळ तक्ता अधूनमधून आकाशाशी ताडून पाहावा. छत्रे यांनी केले ते एवढेच. पण ते त्यांनी केले, आणि म्हणून आपण त्यांचे नाव घेतो.