काचेखालचा कागद: सोयगावहून मुंबईला फोन लावण्याचा इतिहास

१/ वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कोणत्याही तालुका कचेरीतले मुख्य टेबल आठवा. टेबलावर काच, काचेवर दूरध्वनी आणि काचेखाली टंकलिखित कागद: ०१ जिल्हाधिकारी, ०२ पोलीस, ०३ रुग्णालय, ०४ वीज उपकेंद्र. ही त्या कचेरीची ‘स्पीड डायल’ यादी. इतिहासाचे साधन म्हणून या कागदाकडे कोणी पाहत नाही. आजचा धागा त्याच्याविषयी, आणि तो सोयगावात बसून वाचायचा आहे.

२/ सोयगावच का? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा हा तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला, खानदेशाच्या अंगाला उतरलेला आहे. अजिंठ्याची लेणी ज्या लेणापूर गावाच्या हद्दीत येतात, ते याच तालुक्यात. जळगाव जवळ, जिल्ह्याचे ठाणे घाटापलीकडे. हळदा घाट चढून, वेताळवाडीचा किल्ला डावी-उजवीकडे ठेवत कागद न्यायचा, की फोन फिरवायचा, हा इथे साधा प्रश्न नव्हता.

३/ आता थोडे मागे जाऊ. जानेवारी १८८२मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथील दूरध्वनी केंद्रे औपचारिकरीत्या सुरू झाली. त्या काळच्या केंद्रात आकडे फिरवण्याचा प्रश्नच नव्हता. रिसिव्हर उचलायचा, ऑपरेटरला हवा तो माणूस सांगायचा. तो दोरीची पिन योग्य भोकात खोचून जोडणी देई. म्हणजे एका अर्थी ‘स्पीड डायल’ आधी आली आणि आकडे नंतर!

४/ आकडे आले ते एका साथीमुळे, असे सांगतात. १८७९मध्ये अमेरिकेतील लॉवेल गावी गोवराची साथ होती. तेथील डॉक्टर मोझेस पार्कर यांना भीती वाटली, की सगळे ऑपरेटर एकदम आजारी पडले तर नव्या माणसांना कोणाची तार कोणती हे कळणार कसे? म्हणून ग्राहकांना क्रमांक द्यावेत, असे त्यांनी सुचवले. माणसाची स्मृती अपुरी पडेल या शंकेतून क्रमांक जन्मला, आणि पुढे तो क्रमांक लक्षात ठेवण्याचे ओझे ग्राहकाच्या माथी आले.

५/ ऑपरेटरला वगळायचे काम अल्मन स्ट्रॉजर या कॅन्सस सिटीतील अंत्यविधी व्यावसायिकाने केले. त्याच्या स्वयंचलित केंद्राला १८९१मध्ये पेटंट मिळाले. प्रतिस्पर्ध्याची नातेवाईक असलेली ऑपरेटर आपली गिऱ्हाइके तिकडे वळवते, असा त्याचा संशय होता, अशी कथा आहे. भारतात पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४मध्ये सिमल्यात बसले, ७०० जोडण्यांच्या क्षमतेचे. राज्यकर्त्यांची उन्हाळी राजधानी आधी, बाकीचा देश मागाहून.

६/ छोट्या गावांत मात्र ऑपरेटर दीर्घकाळ टिकला. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल ‘बुक’ करायचा आणि घंटेची वाट पाहायची. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे दर्जे. लाइटनिंगला साध्याच्या आठपट आकार. घाईचीही प्रतवारी होती आणि तिचे दर छापलेले होते. १९६०मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर एसटीडी सुरू झाली. ऑपरेटरवाचून परगावचा क्रमांक थेट फिरवता येण्याची ही भारतातली सुरुवात.

७/ इथे तबकडीच्या फोनचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. तबकडीवर १ फिरवला की तारेतून एक ठोका जातो, ९ला नऊ आणि शून्याला दहा. सेकंदाला साधारण दहा ठोके. आता एसटीडी कोड मोजा. मुंबई ०२२ म्हणजे १४ ठोके. पुणे ०२० म्हणजे २२. औरंगाबाद (तेव्हाचे नाव) ०२४० म्हणजे २६. आणि सोयगाव ०२४३८ म्हणजे २७!

८/ कोडच्या लांबीला कारण आहे. आरंभीचे शून्य सोडले तर कोड आणि स्थानिक क्रमांक मिळून दहा आकडे होतात. मुंबईत फोन पुष्कळ, म्हणून स्थानिक क्रमांक आठ आकडी आणि कोड दोनच आकड्यांचा. सोयगावला फोन थोडे, म्हणून स्थानिक सहा आणि कोड चार. गावाचे आकारमान त्याच्या कोडवरून ओळखता येते, ते असे.

९/ जाता जाता नकाशाची एक गंमत. मराठवाड्याचे कोड ०२ने सुरू होतात: नांदेड ०२४६२, लातूर ०२३८२, बीड ०२४४२. हैदराबाद ०४०. विदर्भ मात्र ०७मध्ये, मध्य प्रदेशाच्या पंगतीला: नागपूर ०७१२, इंदूर ०७३१. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि विदर्भ मध्य प्रदेशात. एसटीडीच्या नकाशात मराठवाड्याची जुनी राजधानी तुटलेली दिसते, विदर्भाचा जुना शेजार तसाच राहिलेला. योगायोग असेल, पण नजरेत भरतो.

१०/ ग्रामीण भागाचे चित्र पालटले ते सी-डॉटमुळे. ऑगस्ट १९८४मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने छोट्या गावांसाठी १२८ पोर्टचे स्वयंचलित केंद्र घडवले. पहिले जुलै १९८६मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. धूळ आणि उन्हाळा सोसणारे यंत्र, हीच त्याची थोरवी. मराठवाड्यातल्या मे महिन्याचा अनुभव असलेल्यांना ती वेगळी सांगायला नको.

११/ आणि आता कचेरीतली पेटी, ईपीएबीएक्स. स्पीड डायलचे एक आरंभीचे उदाहरण मे १९६५चे: अमेरिकेत सकासुन्ना येथे बेल कंपनीने पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू केले, त्यात एक-दोन आकड्यांवर आख्खा क्रमांक साठवण्याची सोय होती. आपल्या कचेऱ्यांत तिची मांडणी साधारण अशी असे. ऑपरेटरच्या एक्स्टेंशनवरून प्रोग्रॅमिंगचा संकेत आणि पासवर्ड द्यायचा. मग ००पासून ९९पर्यंतचा एक कप्पा निवडायचा. त्यात आधी बाहेरची लाइन घेणारा आकडा, मग ‘पॉज’, मग कोडसकट क्रमांक. पॉज विसरला तर लाइन मिळण्याआधीच यंत्र आकडे पाठवू लागे; पहिले दोन-तीन हवेत जात आणि भलतीकडेच फोन लागे.

१२/ खरी मेख ‘एसटीडी लॉक’मध्ये होती. बिलाच्या धाकाने बहुतेक एक्स्टेंशनवर परगावचे फोन बंद असत. पण अनेक यंत्रांत सामायिक स्पीड डायलला हे कुलूप लागू नसे. ज्या लिपिकाला जळगावचा क्रमांक स्वतः फिरवता येत नसे, तो ०७ दाबून जिल्हा कचेरीशी बोलू शके. त्यामुळे यादीत कोणाला घ्यायचे, हा नुसता सोयीचा प्रश्न नव्हता. कनिष्ठाने कोणाशी बोलावे हे वरिष्ठ त्या कागदावर ठरवत होता. पाटबंधारे खाते यादीत आणि बाजार समिती नाही, असे असेल तर शेतकऱ्याच्या कोणत्या कामासाठी फोन चटकन उचलला जाई, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून हा कागद मला गॅझेटियरइतकाच बोलका वाटतो.

१३/ दुर्दैव असे, की तो टिकत नाही. दूरध्वनी निर्देशिका ग्रंथालयांत सापडतात. काचेखालचा कागद अधिकारी बदलला की बदलतो. यंत्रातली यादी त्याहून अल्पायुषी: बॅकअप बॅटरी संपलेली असली की दीर्घ भारनियमनानंतर सगळे कप्पे कोरे. जुन्या कार्यालयांची आवराआवर होताना असा कागद हाती लागला, तर तारखेसह छायाचित्र काढून ठेवा.

१४/ सार्वजनिक स्पीड डायल मात्र शाबूत आहे. पोलिसांचा १०० हा तबकडीवर २१ ठोके घेई. आजचा ११२ फक्त चार. सोयगावहून ११२ लावला तर तो आधी सोयगावात वाजत नाही. तो राज्याच्या संपर्क केंद्रात जातो, आणि तेथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे व गस्तीच्या गाडीकडे. पलीकडे पुन्हा एक ऑपरेटर असतो, आणि तो विचारतो: कुठून बोलताय?