खांबावरचे मरण आणि उमेदवारीचा दरवाजा : अमेरिकेतील वायरमनच्या युनियनचा इतिहास

१/ युनियनचे सभासद होणे आणि कामाची उमेदवारी सुरू करणे या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील वीज-कामगारांच्या बाबतीत मात्र त्या बहुधा एकाच दरवाजातून होतात. हा दरवाजा कशासाठी उभा राहिला आणि कोणासाठी बंद राहिला, हे सांगणारा हा थ्रेड.

२/ १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. पाहता पाहता अमेरिकन शहरांत खांब आणि तारांचे जाळे पसरले. विद्या नवी होती आणि ती शिकवणारे कोणी नव्हते. सुरक्षेची साधने नाममात्र होती. काही भागांत कामावर घेतलेल्या दर दोन लाइनमनपैकी एक कामावरच मरण पावे, असे युनियनच्या इतिहासात नोंदवले आहे.

३/ १८९० मध्ये सेंट लुइस येथील प्रदर्शनासाठी ठिकठिकाणचे लाइनमन आणि वायरमन एकत्र आले. काम रोज बारा तासांचे आणि मजुरी तासाला पंधरा-वीस सेंट. गप्पांत एक गोष्ट स्पष्ट झाली : शहर बदलले तरी हाल बदलत नव्हते.

४/ २८ नोव्हेंबर १८९१ रोजी त्याच शहरात दहा प्रतिनिधींनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पाठीशी सभासद होते अवघे २८६. पहिला अध्यक्ष झाला हेन्री मिलर हा लाइनमन.

५/ मिलर मालगाड्यांतून गावोगाव फिरे, मिळेल तेथे खांबावर काम करी आणि सहकाऱ्यांना संघटित करी. जुलै १८९६ मध्ये वॉशिंग्टन येथे काम करताना त्याला विजेचा धक्का बसला. तो खाली कोसळला आणि मरण पावला. ज्या मरणाविरुद्ध त्याने संघटना उभारली, तेच त्याच्या वाट्याला आले.

६/ १८९९ मध्ये कॅनडातील कामगारही सामील झाले आणि संघटनेच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आला. कारभाराचा पाया मात्र ‘लोकल’ हाच राहिला. ही लोकल म्हणजे रेल्वे नव्हे, तर क्रमांक असलेली स्थानिक शाखा. सेंट लुइसची शाखा लोकल १, तर न्यूयॉर्कची लोकल ३.

७/ उमेदवारीला एवढे महत्त्व का आले? अर्धशिक्षित माणसाने चुकीची तार जोडली, तर शेजारी काम करणाऱ्याचा जीव जाई. शिवाय अशी स्वस्त माणसे मिळाली की कुशल कामगाराची मजुरी घसरे. म्हणून किती शिकाऊ घ्यावेत आणि त्यांनी किती काळ शिकावे, यावर युनियनने लक्ष ठेवले. जीव आणि मजुरी, दोन्हींचे रक्षण एकाच नियमात होते.

८/ १९३७ च्या राष्ट्रीय उमेदवारी कायद्याने, म्हणजेच फिट्झगेराल्ड कायद्याने, शिकाऊंच्या हिताचे निकष ठरवण्याचे काम सरकारकडे आले. १९४० च्या दशकात वीज-कंत्राटदार आणि युनियन यांची संयुक्त राष्ट्रीय प्रशिक्षण व्यवस्था आकाराला आली. तिच्या स्थानिक समित्यांवर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसतात.

९/ आजची रीत अशी : बीजगणित आणि वाचन-आकलनाची परीक्षा, मग मुलाखत. इमारतींतील वायरिंगच्या कामासाठी साधारण पाच वर्षांची उमेदवारी असते. त्यात ८,००० तास प्रत्यक्ष काम आणि सुमारे ९०० तास वर्ग. पगार पहिल्या दिवसापासून मिळतो. तो पूर्ण कारागिराच्या मजुरीच्या टक्केवारीत ठरतो आणि टप्प्याटप्प्याने वाढतो.

१०/ आता दुसरी बाजू. जागा मोजक्या असल्या की त्या कोणाला द्यायच्या, हा प्रश्न येतोच. अमेरिकेच्या बांधकाम व्यवसायातील अनेक शाखांत त्या सभासदांच्या मुलांना आणि पुतण्या-भाच्यांना मिळत. सभासद बहुतेक गोरे असल्याने कृष्णवर्णीय तरुणाला आत ओळख सांगणाराच कोणी नसे. कौशल्य राखणारा नियम वारसा राखणारा नियम होऊन बसला.

११/ १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या लोकल ३ ने हॅरी व्हॅन आर्सडेल यांच्या नेतृत्वाखाली संप करून मूळ कामाचा आठवडा २५ तासांवर आणला. तास घटले तशी नव्या हातांची गरज वाढली. त्या वर्षी हजाराहून अधिक शिकाऊ घेतले गेले आणि त्यांत कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन तरुणांना मुद्दाम स्थान देण्यात आले. दरवाजा उघडणे अशक्य नव्हते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

१२/ १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने युनियन आणि संयुक्त उमेदवारी समित्या या दोहोंना वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९७८ मध्ये केंद्रीय नियमांनी शिकाऊंत स्त्रियांच्या भरतीसाठी उद्दिष्टे घालून दिली. कायदा झाला म्हणून बांधकामावरची वागणूक लगेच बदलली नाही. पण नकाराला आव्हान देण्याची जागा निर्माण झाली.

१३/ भारतात १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. येथे करार होतो तो मालक आणि शिकाऊ यांच्यात. त्यात युनियन पक्षकार नसते. म्हणून अमेरिकन पद्धतीचे बळ आणि तिचा दोष, दोन्ही आपल्याला अनोळखी वाटतात.

१४/ मराठीतला ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ आशा बाळगणारा. मिलरच्या पिढीने त्या आशेला जिवंत घरी परतण्याची हमी मिळावी म्हणून दरवाजा उभारला. नंतरच्या पिढ्यांना लढावे लागले ते आशा बाळगण्याचा हक्क कोणाला, यासाठी. (समाप्त)