खंजिरी आणि वऱ्हाडची सभा



इतिहासाच्या ग्रंथांत राजांना जागा मिळते, लढायांना मिळते, अलीकडे विचारवंतांनाही मिळू लागली आहे. वाजविणाऱ्याला मात्र ती क्वचितच मिळते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचेच पाहा. संत म्हणून, ग्रामगीतेचे कर्ते म्हणून, देशभक्त म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण उभे आयुष्य हातात खंजिरी घेऊन लोकांपुढे बसलेले ते एक पट्टीचे वादक-गायक होते, आणि त्यांच्या बाकीच्या सर्व कार्याची वाट या वादनातूनच गेली, ही गोष्ट आपण जाता जाता सांगतो. आज मी तीच मुख्य म्हणून सांगणार आहे.

मी संगीतशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार संघटनेच्या कचेरीत फार झाले. कापसाच्या कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात माझी वर्षे गेली. पाळी सुटल्यावर घराकडे निघालेला माणूस थांबवावा कसा, बसवावा कसा, आणि बसल्यावर त्याच्याच तोंडून बोल काढावा कसा, हा माझ्या कामातला रोजचा प्रश्न. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्यांना ऐकण्याचे भाग्य माझ्या पिढीला नाही. तरी या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांच्या दाराशी यावेच लागते.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली गावी बंडोजी इंगळे यांच्या गरीब घरात माणिकचा जन्म झाला. शाळा फार झाली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी भजनाची गोडी लागली. 'तुकड्या' हे नाव तिथलेच. पुढे रानावनांत भटकंती झाली, गावोगाव भजने झाली. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ साली महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले आणि सुमारे महिनाभर आपल्याजवळ ठेवून घेतले. विद्यापीठ नाही, घराणे नाही, राजाश्रय नाही. जे होते ते गळ्यात आणि हातात.

त्या हातातले वाद्य तरी केवढे? एक लाकडी कडे, त्याच्या एका तोंडावर ताणलेले कातडे, कड्याच्या खाचांत बसविलेल्या धातूच्या चकत्या. पेटीला बैठक लागते, तबल्याला जोड लागते, सतारीला वर्षानुवर्षांची तालीम आणि दिवाणखाना लागतो. खंजिरी काखेत मारून माणूस दहा कोस चालू शकतो. डाव्या हाताने ती धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. कातडे ठेका देते, चकत्या झणत्कार देतात. एकाच हातभर जागेत तालही आला आणि टाळही आला. गरिबाला परवडणारे आणि गर्दीला पुरून उरणारे असे हे वाद्य आहे.

परंतु खरी कला याहून पुढे आहे. खंजिरी-भजनात मुख्य गायक धृपद म्हणतो आणि मंडळी झील धरतात. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतला, आयुष्यात कधी चारचौघांत तोंड न उघडलेला सालदारही नकळत म्हणू लागतो. लय चढते. मग एकदम हात थांबतो, चार शब्द बोलले जातात, आणि पुन्हा धृपद येते. आता त्या धृपदाला नवा अर्थ आलेला असतो. व्याख्यानात श्रोता ऐकतो, भजनात तो उत्तर देतो. आणि ज्याने एकदा सर्वांबरोबर उत्तर दिले, तो दुसऱ्या दिवशी पाटलापुढेही थोडा ताठ उभा राहतो.

महाराजांनी मराठीत रचले तसे हिंदीतही रचले, यालाही इतिहास आहे. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता. अकोला-अमरावती आणि जबलपूर-रायपूर एकाच सरकारच्या हाताखाली. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, तोवर हीच स्थिती होती. या प्रांतात फिरणाऱ्या गायकाला दोन्ही भाषा जवळच्या असणे स्वाभाविक होते.

त्या सरकारलाही खंजिरीची ताकद कळली होती. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे लोक उठले. लोक मेले, पोलीसही मेले. त्या मुलखात महाराजांची भजने आधीपासून घुमत होती. सरकारने त्यांना धरले आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. ज्याच्याजवळ शस्त्र नाही, पैसा नाही, त्याला कोंडावे का लागते? कारण तो माणसे एकत्र बसवू शकतो. पण जमलेला समुदाय उठल्यावर काय करील, ही जबाबदारीही वाजविणाऱ्यावर येते. सामुदायिक प्रार्थनेत सर्व जातींनी शिस्तीने एका रांगेत बसावे, हा महाराजांचा आग्रह मी याच जबाबदारीचा भाग समजतो.

येथे एक कामगार म्हणून मला प्रश्न विचारलाच पाहिजे. श्रमाला पूजा म्हटले, श्रमदानाची हाक दिली. मग मजुरीचा हिशेब कोणी विचारायचा? श्रमाची महती सांगणे मालकालाही आवडते! या शंकेने आमच्यातले पुष्कळ जण भजनापासून दूर राहिले. परंतु १९५५ सालची ग्रामगीता उघडून पाहावी. तिच्या ४१ अध्यायांत श्रमसंपत्ती आहे, भजन-प्रभाव आहे आणि संघटनशक्तीही आहे. मजुरीचा आकडा भजन ठरवीत नाही, हे खरे. तो आकडा मागायला लागणारी एकजूट मात्र अशाच बैठकीत शिकली जाते. आम्ही मागण्यांचे कागद घेऊन गेलो, आणि माणसे आधीच कुठे जमत होती ते पाहायचे विसरलो.

त्याच १९५५ साली महाराज जपानला विश्वधर्म परिषदेस गेले, तेही खंजिरी घेऊनच. भाषा न जाणणाऱ्यांनाही ठेका कळतो.

विदर्भात आज खंजिरी-भजनाच्या स्पर्धा होतात, याचा आनंद आहे. स्पर्धेत मात्र व्यासपीठ उंच असते, ध्वनिक्षेपक मोठा असतो, परीक्षक गुण देतात, आणि समोरचे लोक नुसते बघत बसतात. भजन ध्वनिमुद्रित करून ठेवता येते. झील धरणारे लोक तसे ठेवता येत नाहीत. नागपूर विद्यापीठाला महाराजांचे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. पण त्यांची विद्या गावाच्या पारावर, चाळीच्या अंगणात आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर शिकविली जात असे. जिथे श्रोता गप्प बसला, तिथे ती विद्या संपली. ती चालू ठेवायची तर वाजविणाऱ्यापेक्षा उत्तर देणाऱ्याचीच गरज अधिक आहे, आणि ते काम आपणा सर्वांना जमण्यासारखे आहे.