कागदावरचे भूत, गावातले भूत

१/ नरडाणा : सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक. उत्तरेस तापी, पलीकडे सातपुडा. खानदेशात भुताची गोष्ट आधी आजीच्या तोंडून आली, मग छापील पानांतून.

२/ छापील भयकथेला मराठीत वाचक मिळवून देण्यात नियतकालिकांचा वाटा मोठा. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुत व गूढ कथेला हक्काचे घर दिले.

३/ नारायण धारप (१९२५–२००८) : यांच्या कथांत अमानवी शक्ती बहुधा खरीच असते आणि ती नेहमीच्या घरात शिरते. आरंभ ‘अनोळखी दिशा’पासून करावा. २०१८चा ‘तुंबाड’ चित्रपट पाहिलेल्यांनी तर अवश्य. त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे.

४/ रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) : ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’. येथे भय अनेकदा माणसाच्या मनातूनच उगवते. मत्सर, अपराधभाव, एकटेपण ही त्याची मुळे.

५/ कागदाबाहेरचे भय मात्र जीवघेणे ठरले. सातपुड्याच्या पाड्यांत ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांचा छळ झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी केल्याचा आळ घेऊन कुणाचा छळ करणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

६/ म्हणून आधी धारप वाचावेत, मग मतकरी. पहिले भुताला घाबरायला लावतात. दुसरे, ते भूत कोण निर्माण करते हे दाखवतात. पुस्तक मिटले की कागदावरचे भूत संपते. गावाने एखादीला चिकटवलेले नाव तसे मिटत नाही.