गवंडी प्रशिक्षण, गावठाणातील (जुन्नर–आंबेगाव)

गावठाणातील पडक्या वा रिकाम्या जागेत लहान घर उभारणाऱ्या स्थानिक गवंड्यांना व गवंडी-ठेकेदारांना दिले जाणारे शिक्षण. या भागात असे घर बहुधा ओळखीचा मिस्त्री बांधतो. ठराव तोंडी, साहित्य मालकाचे, मजुरी चौरस फुटावर.

शेतीला पाणी मिळाले तशी या भागातील अनेक कुटुंबे मळ्यात राहायला गेली आणि गावठाणातील जुने वाडे ढासळत राहिले. रस्ता, नळ, शाळा जवळ असलेली ही जागा पुन्हा वापरात आणणे सुपीक रान मोडून प्लॉट पाडण्यापेक्षा केव्हाही चांगले.

जमीन : गावठाणाची पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंतींचा थर. ती भुसभुशीत असते, पाणी लागले की दबते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. खरी कसोटी शेजारच्या भिंतीची. तिच्या पायाशी सलग चर खणला, तर ती चरात उतरते. जाणता मिस्त्री चार-चार फुटांचे तुकडे एकाआड एक खणतो. पहिले तुकडे बांधून पक्के झाल्याशिवाय मधल्यांना पहार लावत नाही. पागोळ्या कोणाच्या अंगणात पडणार, हेही तो आधीच विचारून घेतो.

इतिहास : किल्लारीच्या भूकंपानंतर (30 सप्टेंबर 1993) 52 गावे नव्या जागी वसवली गेली, इतर अनेक गावांत जुनी घरेच मजबूत करण्यात आली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे दोन पदर सुटू नयेत म्हणून आरपार जाणारे दगड बसवणे आणि लिंटेलच्या पातळीवर सलग पट्टा ओतणे गवंड्यांना तेथे शिकवले गेले. घरमालकांशी बोलणी करण्यात गावातल्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे होत्या.

प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (2016) मध्ये 45 दिवसांचे गवंडी प्रशिक्षण प्रत्यक्ष घरकुलाच्या कामावर होते. शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र. घर किमान 25 चौ. मी. नमुना-आराखडे मात्र बहुधा चारी बाजू मोकळ्या असलेल्या घराचे असतात, गावठाणातल्या भिंतीला भिंत लागलेल्या घराचे नव्हे.

कागदपत्रे : गावठाणातील ड्रोन मोजणीचा राज्यातील पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातच सोनोरी (ता. पुरंदर) येथे झाला. या मोजणीतून मिळणाऱ्या मिळकत पत्रिकेमुळे हद्द स्पष्ट होते. भाऊबंदांची संमती वेगळी मिळवावी लागते.

माळीण (ता. आंबेगाव) : 30 जुलै 2014 च्या दरडीत 151 मृत्यू, 2017 मध्ये आमडे येथे पुनर्वसन. पहिल्याच पावसाळ्यात नव्या वसाहतीत भरावाची जमीन खचून रस्ते व गटारांचे नुकसान झाले. भराव मुरायला वेळ द्यावा लागतो, हे गवंड्यालाही तितकेच लागू.

परदेशी : अमेरिकेत ‘इन्क्रिमेंटल डेव्हलपमेंट अलायन्स’ ही संस्था लहान विकासकांना वस्तीतील मोकळ्या जागांवर बांधण्याचे शिक्षण देते.

जुन्नर–आंबेगावात गवंड्यांची तुकडी घेणाऱ्यांनी पहिला आठवडा तरी पडक्या वाड्याच्या चरात, शेजाऱ्याच्या भिंतीशेजारी काढावा.