चार दरवाजांची पाळी

काळारामाच्या दर्शनाला मी लहानपणापासून जात आलो. पण या देवळाला दरवाजे किती, हे कधी मोजले नव्हते. ते चार आहेत. पंचवटीतला १९३०चा सत्याग्रह समजून घ्यायचा, तर आरंभ या आकड्यापासूनच करावा.

सत्याग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जयघोष आणि लोटलेली माणसे येतात. माणसे तेव्हाही लोटलीच होती. पण त्याआधी सत्याग्रह समिती स्थापन झाली होती. तिचे चिटणीस भाऊराव गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, वय अवघे अठ्ठावीसच्या घरात. समितीने देवळाच्या पंचांना रीतसर कळवले : अमुक तारखेपर्यंत देऊळ अस्पृश्यांना खुले करा, नाहीतर सत्याग्रह होईल. आणि त्याच वेळी गावोगावच्या स्वयंसेवकांना नाशकास येण्याचा निरोप गेला.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली सभा होऊन मिरवणूक निघाली. माणसे सुमारे पंधरा हजार. चार-चारांच्या रांगा केल्या, तेव्हा ती मैलभर लांब झाली. पाचशेहून अधिक स्त्रिया तीत होत्या. दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस अवकाश होता, हे जाता जाता सांगून ठेवतो. मिरवणूक देवळापाशी आली तो दरवाजे बंद. पुढे काय? एवढा जमाव एखाद्या अविचारी शब्दाने पेटला असता. पण तो वळला तो थेट गोदेच्या घाटाकडे. तेथे सभा झाली. रात्री अकराच्या सुमारास पुढाऱ्यांनी विचारविनिमय करून ठरवले, की दरवाजांसमोरच शांततेने ठाण मांडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तुकडी बसली : १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया, चारही दरवाजांवर वाटून. नाव नोंदवून पाळीची वाट पाहणारे आठ हजारांवर होते! मला या चळवळीचे मर्म मिरवणुकीपेक्षा या पाळीत दिसते. मैलभर चालणे एका दिवसाचे काम. परंतु बंद दारासमोर रोज नवी माणसे आणून बसवायची, हे कोणी तरी वही घेऊन बसल्याखेरीज होत नाही.

पुढे रथ आला. नाशकात रथ रामनवमीला नव्हे, कामदा एकादशीला निघतो. त्या वर्षी ती ९ एप्रिलला होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी रथ ओढावा अशी तडजोड ठरली. ती पाळली गेली नाही. रथ गल्लीत पळवला गेला, दगडफेक झाली.

तरीही काम चार वर्षे रेटले गेले. बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेस गेले, तरी नाशकात भाऊराव होतेच. अखेर मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच त्यांना पत्राने कळवले, की आता हे थांबवावे. मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा लढा केला नव्हता, लोकांना जागे करण्यासाठी केला होता. यापुढची शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय. जी माणसे चार वर्षे झिजली, त्यांना घरी जा म्हणून सांगणे भाऊरावांना किती जड गेले असेल!

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देवळे उघडणारा मुंबई सरकारचा कायदा १९४७ साली झाला. आणि १९५७ साली नाशिकच्या मतदारांनी भाऊराव गायकवाडांना लोकसभेत पाठवले.